अजनीच्या चौकातला सौदा

काल नातवाने गिटारला नव्या तारा लावल्या. त्या लोखंडी वासाने मी थेट नागपुरात, अजनीच्या चौकात, मे महिन्यातल्या एका दुपारी, दादाशेजारी जाऊन उभी राहिले.

सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. मी शाळेत होते आणि दादा रेल्वे कॉलनीतल्या एका म्हाताऱ्या गार्डकडे गिटार शिकायचा. तिथेच त्याने ब्लूजच्या, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या दर्दभऱ्या गाण्यांच्या, रेकॉर्डी ऐकल्या आणि त्यांच्यातली ती गोष्टही. चौरस्त्यावर गिटार घेऊन उभं राहिलं की सैतान येतो, बोटांत जादू भरतो आणि बदल्यात आत्मा घेऊन जातो.

अंगाला चटके देणारी गरम लू वाहत होती. चौकात चिटपाखरू नव्हतं. दादा डोळे मिटून उभा होता.

"घरी चाल ना गा दादा," मी रडवेली झाले.

तेवढ्यात खाडकन आवाज झाला. कोणी हात न लावता गिटारची तार तुटली होती. दादाने डोळे उघडले. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"आला होता तो. हो म्हणून टाकलं मी."

"अन् त्याले काय देलं?"

"तुले," दादा म्हणाला आणि हसला.

 पुढे कित्येक दिवस मी आईचा पदर सोडला नाही.

आता कळतं, तार गंजलेली होती आणि दादा थट्टा करत होता. पण त्याच वर्षी तो कलकत्त्याच्या एका हॉटेलात वाजवायला गेला. फार सुंदर वाजवायचा, असं लोक सांगत. माझ्या लग्नालाही तो आला नाही. सौद्यात त्याने मला देऊन टाकलं होतं, ते असं खरं ठरलं.