भाऊजींचा हॉल अन् माहा 'डब्बा'

मंडळी, आज कलेजा थंड झाला!

दिवाळीत भाऊजींनी सगळ्यांसमोर माह्या अँप्लिफायरले डब्बा म्हटलं होतं. आज त्यायचा महागडा अन् माहा, दोन्ही एकाच स्पीकरवर लावून पाहिले. आधी त्यायच्या नवा रायपुरच्या हॉलमध्ये. तिथं नुसत्या टाईल्स, पडदाही नाही. दोन्ही कर्कश वाजले. मंग तात्यापाऱ्यात माह्या घरी, गाद्या-गोधड्यांच्या खोलीत. दोन्ही गोड!

खोट त्या उघड्या, आवाज घुमवणाऱ्या हॉलची आहे, हे मले तिथंच कळलं. ताई केव्हाची पडदे मागून राहिली.

भाऊजी म्हणाले, "माह्या हॉलले अजून मोठा अँप्लिफायर पाहिजे."

मी म्हटलं, "हव भाऊजी, मोठाच घ्या."

आता त्या नव्या अँप्लिफायरच्या पूजेले नारळ फोडायले मलेच बोलावलं आहे. नारळासोबत माहा डब्बाही नेतो, सगळ्यांसमोर लावतो. पडद्याचं तेव्हा सांगू, का तेव्हाही नको?