खंडपीठबाईंचा रविवार

न्यायालयाच्या मागच्या अंगाला, जुन्या फायलींच्या खोलीला लागून एक उपाहारगृह होतं. वरच्या मजल्यावर निकाल लागला की त्यावर अपील करता येई. खाली बाईंनी "साखर एवढीच मिळेल" म्हटलं की विषय संपला. म्हणून कुणा चावट वकिलाने त्यांचं नाव 'खंडपीठ' पाडलं, आणि ते चिकटलं ते चिकटलंच. बाईंच्या कानावर गेलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "खंडपीठाला दोघं-तिघं लागतात. मी एकटी पुरते."

बाईंचा नवरा इथेच पट्टेवाला होता. तो गेल्यावर उपाहारगृह बाईंकडे आलं, त्याला बावीस वर्षं झाली. सोबतीला नवऱ्याची बहीण, म्हणजे बाईंच्या वन्सं. बाई शिजवत आणि बोलत. वन्सं भांडी घासत आणि ऐकत. दोघी विधवा, दोघी एकाच खोलीत राहणाऱ्या, पण एकीच्या तोंडाला उसंत नाही आणि दुसरीच्या तोंडाला कामच नाही.

माणूस काय खातो यावरून बाई त्याची लायकी ठरवत. सूप पिणाऱ्यांचा त्यांना तिटकारा होता. "भाज्यांना आंघोळ घालायची आणि ते पाणी प्यायचं, याला जेवण म्हणतात?" कच्ची पानं चघळणाऱ्या वकिलीणबाईंना त्यांनी तोंडावर सांगितलं होतं, "हे खायला दात कशाला, खूर हवेत." इथल्या पाच न्यायमूर्तींत सगळ्यांत वडील असलेले न्यायमूर्ती उकडलेल्या अंड्यातला पिवळा भाग बाजूला काढून ठेवत. "अर्धं अंडं टाकणारा माणूस पूर्ण न्याय काय देणार?" हे बाईंचं मत पट्टेवाल्यांना पाठ होतं. आणि सरकारी वकील तर चहावर साय मागून घेत. दुसऱ्याच्या कपात उरलेली असली तरी चालायची.

सुट्टी या गोष्टीवर मात्र बाई खास तोंडसुख घेत. न्यायालय उन्हाळ्यात दीड महिना बंद असे. कुणी समुद्रावर जाई, कुणी डोंगरात. "डोंगर काय बघायचाय? तो कुठे पळून चाललाय का? सुट्टी म्हणजे आळशांचा धंदा. मी बावीस वर्षांत एक दिवस घेतली नाही." आणि ते खरं होतं. उन्हाळ्यात काय, रविवारी काय, इमारत बंद असली तरी बाई किल्ली मागून घेत आणि मोठी पातेली घासून येत. वन्सं तेवढ्या येत नसत. रविवारी त्या कोमट पाण्यात पाय सोडून बसत. आठवडाभर ओल्या फरशीवर उभं राहून त्यांचे गुडघे नारळाएवढे झाले होते.

राज्यघटनेबद्दलही बाईंचं मत तयार होतं. आयुष्यभर वकिलांची बडबड कानावर पडल्यावर ते तयार होणारच. "घटना म्हणजे भाड्याच्या घराचा करारनामा. मालक आणि भाडेकरू भांडेपर्यंत कुणी उघडून बघत नाही. आणि भांडण लागलं की दोघंही म्हणतात, माझ्याच बाजूने लिहिलंय."

तर असं सगळं सुखासमाधानाने हिणवणं चालू असताना पाव-भट्टीच्या कामगारांचा खटला आला. सरकारने कायदा केला होता की खाण्याचे पदार्थ बनवणाऱ्यांना आठवड्याची सुट्टी देण्याचं बंधन मालकांवर नाही. कामगार म्हणाले, हे घटनेत बसत नाही. आठवड्यातून एक दिवस विश्रांती हा माणसाचा हक्क आहे. पाच न्यायमूर्ती बसले. त्यांतले वडील न्यायमूर्ती महिनाअखेर निवृत्त होणार, म्हणून सुनावणी रविवारीही घ्यायचं ठरलं. शुक्रवारी रजिस्ट्रारांचा कागद खाली आला: रविवारी उपाहारगृह चालू ठेवावे.

"रविवारी पण?" वन्संनी विचारलं.

"मग काय पाच-पाच न्यायमूर्ती उपाशी ठेवायचे?" बाईंनी सही करून कागद परत पाठवला. वन्सं पुन्हा नळाकडे वळल्या.

रविवारी पट्टेवाला एकच आला होता. त्याच्या मदतीला बाई स्वतः पाण्याच्या सुरया घेऊन वर गेल्या आणि न्यायदालनाच्या मागच्या दाराशी थांबल्या. आत बोलत होते सरकारी वकील.

"विश्रांती ही सवलत आहे, हक्क नव्हे," ते म्हणाले. "लांब कशाला जायचं? याच इमारतीच्या तळमजल्यावर एक बाई उपाहारगृह चालवतात. बावीस वर्षांत त्यांनी एकही सुट्टी घेतलेली नाही. त्या म्हणतात, सुट्टी म्हणजे आळशांचा धंदा. कष्टकऱ्याचं मन जाणून घ्यायचं तर ते तिथे ऐकावं."

न्यायदालनात हशा पिकला. वडील न्यायमूर्ती गालात हसले. बाईंची मान जरा ताठ झाली. आपलं वाक्य, आणि पाच न्यायमूर्तींसमोर!

पाच जणांत एक बाई न्यायमूर्ती होत्या. त्यांनी विचारलं, "त्यांच्याबरोबर आणखी कुणी काम करतं का?"

"एक नातेवाईक आहेत. त्यांनी कधी तक्रार केलेली नाही."

बाईंनी सुरया दाराशीच खाली ठेवल्या. तक्रार केलेली नाही, हे खरंच होतं. पण हे या माणसाला कुणी सांगितलं? आपणच की! गल्ल्याशी उभं राहून, मोठ्या तोंडाने: आमच्या वन्सं कध्धी कुरकुरत नाहीत.

बाई खाली आल्या. वन्सं पिंपावर बसल्या होत्या, दोन्ही पाय पालथ्या घातलेल्या पातेल्यावर सोडून. चाहूल लागताच त्यांनी पाय झटकन खाली ओढले आणि वेदनेने ओठ चावला. बाई जागच्या जागी उभ्या राहिल्या. कुणाच्या चाहुलीला भिऊन ते पाय खाली आले, हे सांगायला वकील नको होता.

"वन्सं, तुम्ही कधी म्हणाला नाहीत."

"काय?"

"की रविवारी नको म्हणून."

"तू विचारलंस कधी, वहिनी?" वन्सं शांतपणे म्हणाल्या. "आणि विचारलं असतंस तरी उत्तर पण तूच दिलं असतंस."

बाईंनी कांदे चिरायला घेतले.

दुपारच्या सुट्टीत सरकारी वकील खुशीत खाली उतरले. "बाई, आज तुमचं नाव वर गाजलं!"

"काय नाव माझं?"

वकील गडबडले. त्यांनी पट्टेवाल्याकडे पाहिलं. पट्टेवाल्याने छताकडे पाहिलं.

"बावीस वर्षं साय ओरपताय," बाई म्हणाल्या, "आणि नाव माहीत नाही. माझ्या तोंडाला येईल ते मी बोलते, माझ्या अंगाच्या जोरावर. पण माझ्या बोलण्याखाली दुसऱ्या बाईचा अंगठा उठवायचा तुम्हाला काय अधिकार? कुठल्या कलमात बसतं ते?"

रांगेतले वकील खाली माना घालून खाऊ लागले. सोमवारी बाईंनी रजिस्ट्रारांना चिठ्ठी पाठवली. मजकूर दोन ओळींचा: 'येत्या रविवारी उपाहारगृह बंद राहील. कारण: रविवार.'

रजिस्ट्रारांनी बोलावून घेतलं. हा गृहस्थ नियमांच्या पुस्तकाला उशी करून झोपत असावा, असं बाईंचं जुनं मत होतं.

"बाई, हा न्यायालयाचा अवमान होईल."

"चूल न पेटवल्याने? मग तुमच्या न्यायालयाचा मान फारच स्वस्त आहे."

"प्रकरण किती महत्त्वाचं आहे, कळतंय का तुम्हाला?"

"नाही. तुम्ही सांगा. कशाचं आहे?"

"आठवड्याच्या सु..." रजिस्ट्रार म्हणाले आणि मध्येच थांबले. मग चष्मा काढून पुसत बसले. बाई उठून आल्या.

त्या रविवारी दोघी तळ्याकाठच्या बागेत गेल्या. बाईंचा मुळात कुठे बसून राहण्यावर विश्वास नव्हता. त्यांनी आल्याआल्या सगळ्यांची हजेरी घेतली. बदकं म्हणजे फुकटच्या पावावर माजलेली. पळणारी माणसं म्हणजे मागे कुत्रं नसताना पळणारी येडी. बाकावर पुस्तक वाचणारा म्हातारा पानं उलटत नव्हता, म्हणजे ढोंगी. हे चालू असताना वन्संनी बाकावर पाय लांब केले, बाईंच्या मांडीवर टेकवले आणि त्या झोपी गेल्या.

"झोपायचंच होतं तर घरी खाट नव्हती?" बाई पुटपुटल्या. पण हलल्या नाहीत. ऊन आलं तशी त्यांनी छत्री उघडून वन्संच्या तोंडावर धरली. मांडीला मुंग्या आल्या, हात भरून आला, तहान लागली. तीन तासांनी वन्सं उठल्या तेव्हा बाईंना उभंही राहता येईना.

तिकडे न्यायालयात काय झालं ते सोमवारी पट्टेवाल्याने साभिनय सांगितलं. मोठमोठे वकील गल्लीगल्ली फिरले, पण आसपास एक दुकान उघडं नव्हतं. शेवटी मागच्या बाकांवर बसलेल्या भट्टी कामगारांनी घरून आणलेल्या पावांच्या पुरचुंड्या सोडल्या आणि मागेल त्याला पाव दिले. सरकारी वकिलांनीही मागितला, हळू आवाजात.

महिनाअखेर निकाल लागला. तीन विरुद्ध दोन अशा मतांनी कामगार जिंकले. बाई न्यायमूर्तींनी लिहिलं होतं की तक्रार न करणं म्हणजे संमती नव्हे. पट्टेवाल्याने ते वाक्य दोनदा वाचून दाखवलं. बाईंनी विचारलं, "एकूण पानं किती?"

"दोनशे बारा."

"एवढं कळायला दोनशे बारा पानं! आणि तरी दोघांना कळलं नाही ते नाहीच."

रजिस्ट्रारांनी महिनाभर चहा घरून आणला आणि मग घरचा चहा नकोसा झाल्यावर गुपचूप परत आले. रविवारच्या सुनावण्या बंद झाल्या. बाईंनी किल्ली मागणंही बंद केलं. दर रविवारी दोघी बागेत जाऊ लागल्या, पण चौथ्या रविवारी वन्संनी चपला घालता घालता सांगून टाकलं, "आज मी शेजारणीबरोबर जाते. तू घरीच राहा, वहिनी. पायांना बरं वाटतं तिथे, पण कानांना सुट्टी मिळत नाही."

बाईंना हे फार लागलं. त्या दोन दिवस बोलल्या नाहीत, त्यामुळे वन्संना आणखी बरं वाटलं.

पुढच्या रविवारीही बाई एकट्याच घरी राहिल्या. घासायला पातेलं नव्हतं, नावं ठेवायला समोर कुणी नव्हतं. खिडकीत बसल्या, उठल्या, पुन्हा बसल्या. मग भर दुपारी, जन्मात पहिल्यांदाच, चटईवर आडव्या झाल्या. डोळा लागतोय न लागतोय तोच वरच्या मजल्यावरच्या बाईंनी विरजण मागायला दार वाजवलं.

"नंतर या," खंडपीठबाई आतून ओरडल्या. "मी कामात आहे."