सदस्य क्रमांक एक

अतिमानवी वगैरे गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. चौदा वर्षं वर्तमानपत्रात काढली, त्यातली नऊ डेस्कवर. कोणी "भूत दिसलं" अशी बातमी आणली की मी एवढंच विचारायचे - कोणाला, कुठे, किती वाजता? बातमी बहुधा तिथेच संपायची. म्हणून हेही त्याच क्रमाने लिहिते.

आमची अमरावती आवृत्ती बंद झाली आणि मी सर्वेक्षणाच्या कामाला लागले. राज्याच्या आरोग्य विमा योजनेचे नियम बदलले होते, कार्ड आता जवळजवळ प्रत्येक घराला मिळणार होतं. त्याने लोकांना काय फरक पडला हे मोजायचं होतं. टॅब घेऊन अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत घरोघरी फिरायचं.

या कामाचा एक नियम आधी सांगायला हवा. सुरुवातीला घरातल्या सदस्यांची यादी करायची. सदस्य म्हणजे मुलाखतीच्या दिवशी जिवंत असलेला आणि त्या घरात राहणारा. आजार, दवाखाना, कार्ड चाललं की नाही, हे प्रश्न फक्त यादीतल्या माणसांसाठी उघडतात. म्हणजे ज्याला उपचार मिळाले नाहीत आणि जो त्यामुळे गेला, तो मोजणीत येऊच शकत नाही. ट्रेनिंगमध्ये यावर कोणी प्रश्न विचारला नाही. मीही नाही.

दर्यापूर, बसस्टँडच्या मागची वस्ती. सकाळचे सव्वाअकरा. शमीमबींचं घर. पुढच्या खोलीत कापूस पिंजायचं मशीन, त्यावर चादर टाकलेली. गाद्या भरायचा धंदा.

"घरात किती जण?"

"चार. पयले त्याईचं नाव लिवा, रहेमान. मंग मी, मंग दोन पोरी."

मी लिहिलं. वय पंचावन्न. "ते घरी आहेत का?"

"गेले न. दिवाळीच्या पयले."

"गेले म्हणजे..."

"मेले, म्याडम. आता साफ झालं?"

छातीचा आजार होता. कार्ड घेऊन आधी इथल्या एका खासगी दवाखान्यात गेले, तिथून अकोल्याला. अकोल्यात दुसऱ्या दिवशी बाकड्यावरच गेले. शमीमबींनी हे दोन वाक्यांत सांगितलं. मी म्हणाले, मग नाव काढावं लागेल.

त्या हसल्या. "कार्डावर पयलं नाव त्याईचंच हाए. तुमच्या ह्या पाटीवर कावून नाही चालत?"

"नियम आहे, शमीमबी."

"मंग इचारून कायले राहिल्या? ह्या घरात दवाखाना त्याईनंच पाह्यला. आमी तिघी चांगल्या हाओ."

मी नाव खोडलं. उरलेल्या तिघींपैकी वर्षभरात कोणी दाखल झालं होतं? नाही. उपचार नाकारले गेले? लागू नाही. योजनेबद्दल समाधानी? "तुमाले लिवाचं ते लिवा." मी 'सांगता येत नाही' निवडलं. अकरा सव्वीसला फॉर्म बंद केला. दारापर्यंत आले तेव्हा त्या म्हणाल्या, "त्याईचं कुठी तरी लिवजा, म्याडम."

मी "बघते" म्हणाले. नाही म्हणायचं असतं तेव्हा मी असंच म्हणते.

चार दिवसांनी अकोल्याच्या ऑफिसातून आमचे सुपरवायझर देशमुख सर यांचा फोन आला. "मॅडम, दर्यापूरच्या घरात तीन माणसं की चार? घरी बसून फॉर्म भरून राहिल्या काय?"

आमच्या कामात यापेक्षा मोठा आरोप नाही. सिद्ध झाला की काम गेलं. मी पहिल्या एसटीने अकोल्याला गेले.

स्क्रीनवर होतं - सदस्य क्रमांक एक. रहेमान. पुरुष. पंचावन्न. खोडलेलं नाव परत येणं मी समजू शकते, टॅब असले घोळ करतात. पण त्याखाली दवाखान्याचा सगळा भाग भरलेला होता. भरल्याची वेळ अकरा एकतीस. ठिकाण तेच घर. त्या वेळी टॅब माझ्या पिशवीत होता आणि मी स्टँडवर चहा पीत होते.

आम्ही खोटं भरू नये म्हणून टॅब काही प्रश्न आपोआप रेकॉर्ड करतो. सरांनी ते लावलं. पहिला आवाज माझा होता.

"कार्ड दाखवल्यावर काय सांगितलं?"

मग एका पुरुषाचा आवाज. दर दोन शब्दांनी दम घेणारा. "साईट बंद हाए मने... उद्या या."

"मग?"

"उद्या गेलो. तं मने हे बिमारी... यादीत नाही. अकोल्याले जा."

"अकोल्यात दाखल करून घेतलं?"

"बाकड्यावर बसवलं."

मग माझाच आवाज, ट्रेनिंगमध्ये शिकवलेल्या सुरात - "योजनेबद्दल आपण कितपत समाधानी आहात?"

"माहं नाव लिवलं का, म्याडम?"

रेकॉर्डिंग तिथे संपलं. त्या घरात यातला समाधानाचा प्रश्न मी फक्त शमीमबींना विचारला होता, बाकीचा एकही कोणाला नाही.

मी सरांना सांगितलं की हा माणूस दिवाळीपूर्वीच वारला. ते घाबरतील किंवा हसतील असं वाटलं होतं. त्यांनी चष्मा पुसला.

"वारला? मग पात्र नाही. काढून टाका."

"सर, आवाज ऐकला ना तुम्ही?"

"ऐकला न. चांगला बोलून राहिला. पण मुलाखतीच्या दिवशी जिवंत होता का? नाही न? विषय संपला."

रेकॉर्डिंग मी मोबाइलवर घेतलं. नियमात बसत नाही, तरी घेतलं. दुपारी दर्यापूरला उतरले. शमीमबींनी ते दोनदा ऐकलं.

"हेच हाएत," त्या म्हणाल्या. "इचारलं म्हून सांगतलं. दोनी दवाखान्यात कोनं इचारलंच नाही."

"पण मी विचारलं नव्हतं, शमीमबी."

"आवाज तं तुमचाच हाए."

त्यांनी मोबाइल पदराने पुसून परत दिला. "आता लिवलं न नाव?"

मी "हो" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी अकोल्यात ती ओळ मी काढली. मुलाखत माझी, म्हणून मंजुरीही माझीच लागत होती. नाही दिली तर माझे सगळे फॉर्म बाद. 'नक्की काढायचे?' असं स्क्रीनवर आलं. मी 'हो' दाबलं. लागोपाठ दोन दिवसांत दोनदा हो.

पुढे अहवाल आला. दर्यापूरसमोर लिहिलं आहे - उपचार नाकारल्याची नोंद नाही. वाक्य अचूक आहे. डेस्कवर असते तर मीही त्यातला एक शब्द बदलला नसता.

रेकॉर्डिंग अजून माझ्याकडे आहे. ध्वनिमुद्रणातल्या एका जाणकाराला ऐकवलं. त्याला कुठेही जोड सापडला नाही. तो आवाज कुठून आला, माझा आवाज त्यात कसा, मला माहीत नाही. शोधणं मी थांबवलं आहे. रेकॉर्डिंगमधल्या त्या माणसाने मला एकच प्रश्न विचारला होता. त्याचं उत्तर इथे देते, कारण इथे पात्रतेचा नियम नाही.

रहेमान. वय पंचावन्न. गादीवाला. दर्यापूर. कार्ड होतं.