काठी कोणत्या हातात

वीज कचेरीत सगळे त्यांना आजोबा म्हणायचे, तेही ऐन पंचविशीत असल्यापासून. कचेरीच्या हौशी नाटकात म्हातारा लागला की यांनाच उभं करायचे. उजवा पाय ओढत, उजव्या हातातल्या काठीवर रेलत आजोबा आले की पहिल्या रांगेत रुमाल बाहेर निघायचे. बायको तेवढी म्हणायची, "भाजी आणायला सांगितली की घरीही असेच चालतात."

पुढे खरंच म्हातारपण आलं आणि उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. दुसरा कोणी खचला असता, पण आजोबा मनातून खूश. निवृत्त झाले तरी कचेरीच्या नाट्यमंडळाने नव्या नाटकात लंगड्या बापाचं काम त्यांच्यासाठीच ठेवलं होतं, आणि आता तर पायही अस्सल. थेरपीच्या पहिल्याच दिवशी त्यांनी काठी उचलली, झोकात चालून दाखवलं आणि थेरपिस्ट बाईंना प्रयोगाचं आमंत्रणही देऊन टाकलं.

"काठी चुकीच्या हातात आहे," बाई म्हणाल्या. वयाने त्यांच्या लेकीएवढ्या. "उजवा पाय दुखतोय ना? मग काठी डाव्या हातात. काठी आणि दुखरा पाय बरोबरच पुढे टाकायचे."

"अहो, उभा जन्म गेला माझा यात."

"मग उभा जन्म चुकलात. असं चालाल तर सगळा भार दुखऱ्या पायावर येईल. पडलात तर कसलं नाटक नि काय."

नाटकाचं नाव निघाल्यावर आजोबा मुकाट्याने ऐकू लागले. काम हातचं जाऊ नये म्हणून त्यांनी घरातली फरशी झिजवली. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी काठी नि दुखरा पाय. हात चुकला की स्वयंपाकघरातून बायको खाकरायची. शेवटी बाई खूश होऊन म्हणाल्या, "आता तर बघणाऱ्याला कळणारसुद्धा नाही."

तेच नडलं. तालमीत आजोबा ताठ चालत आले तसा दिग्दर्शक खुर्चीत चुळबुळला. "लंगडे वाटत नाही हो तुम्ही. पूर्वीसारखं करा ना."

आजोबांनी काठी उजव्या हातात घेतली, पाय ओढायला गेले, आणि काठी आपसूक डाव्या हातात आली. पुन्हा केलं, पुन्हा तेच. काम कचेरीतल्या कॅशियरला मिळालं. त्याचे दोन्ही गुडघे ठणठणीत होते. त्या दिवशी आजोबा जेवले नाहीत.

दिलेलं आमंत्रण मागे कसं घ्यायचं? प्रयोगाला बाई आल्या आणि आजोबांच्या शेजारीच बसल्या. कॅशियर उजवा पाय ओढत, उजव्या हातातल्या काठीवर रेलत रंगमंचावर आला. बाईंचे डोळे भरून आले.

आजोबांना राहवेना. ते हळूच म्हणाले, "काठी चुकीच्या हातात आहे."

"गप्प बसा हो," बाई रुमाल चाचपत म्हणाल्या, "किती खरं चालतोय तो."