बांध कोरणारं प्यादं

बुद्धिबळात चोरी होत नाही असं कोण म्हणतं? माझ्या घरात झाली, आणि उघडकीला आली बारामतीत, भर हॉलमध्ये.

स्पर्धेची शेवटची फेरी होती. जिंकलो असतो तर जिल्ह्याच्या संघात जागा पक्की. त्यासाठी अख्खा उन्हाळा मी लोणी भापकरला मावसभावाकडे पट मांडून बसलो होतो. दादा माझ्यापेक्षा मोठा, खेळ त्यानंच शिकवलेला. गाठ इंदापूरच्या गड्याशी पडणार असा आम्हा दोघांचाही अंदाज होता, आणि त्याची खोड आम्ही हेरली होती. काळ्या मोहऱ्यांनी खेळताना तो उंट लवकर बाहेर काढतो, आणि लगेच मागं प्यादं सरकवून उंटाची परतीची वाट स्वतःच बंद करतो. म्हणून उंट निघाला रे निघाला की मी कडेचं प्यादं दोन घरं पुढं घ्यायचं, आणि त्यानं वाट बंद केली की प्यादी ढकलत उंट कोंडायचा. शेजारी गुपचूप बांध कोरत आत येतो ना, तसं. दादानं त्या चालीला नावच ठेवलं, 'बांध कोरणं'. हे नाव आम्हा दोघांपलीकडं कुणाला माहीत नव्हतं.

उंट बाहेर आला. मी कडेचं प्यादं पुढं घेतलं, घड्याळ दाबलं. पठ्ठ्यानं विचारसुद्धा केला नाही. आपलं कडेचं प्यादं थेट माझ्या प्याद्यासमोर आणून उभं केलं. खलास! त्या चालीला तेवढंच एक चोख उत्तर होतं. पुढं मी चिडून घोडा घालवला आणि हरलो.

हात मिळवताना तो हसला. "बांध कोराय आलता व्हय?"

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. तडक बाहेर आलो. दादा चहाच्या टपरीवर उभा होता.

"दादा, त्याला कुणी सांगितलं?"

"आरं, त्याच्या घरची मंडळी आपल्या धाकट्या बहिणीला बघून गेलीत. जमंल असं वाटतंय. त्यानं इचारलं, तुमचा भाऊ कसा खेळतो. पाहुण्याला न्हाय कसं म्हणायचं?"

बघून गेले, आणि मला पत्ताच नाही!

"आन् माझी जागा गेली, त्याचं काय?"

त्याला खरंच काही वाटलं नव्हतं. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तुझं काय येवढं? तू तर घरचाच हायस."