टायपिंगची चूक नव्हे

कोर्टाच्या व्हरांड्यात टायपिंग करणाऱ्या काकूंना एकाच गोष्टीचा माज होता आणि तो त्यांना शोभायचाही. सव्वीस वर्षांत त्यांच्या कागदात चूक सापडली नव्हती. वकील मंडळी त्यांच्याकडून आलेल्या कागदावर न वाचता सही ठोकत. वाचायचं कशाला, काकूंनी केलंय ना!

काकू स्वतःही फारसं वाचत नसत. बोटं कळांवर, मन संध्याकाळच्या भाजीत. पण गेल्या वर्षी कायदा शिकणाऱ्या एका मुलीचा प्रबंध टाइप करताना बोटं मध्येच थांबली. देशादेशांनी मिळून केलेल्या मानवी हक्कांच्या कराराचं ते कलम होतं: केवळ कराराप्रमाणे देणं फेडता येत नाही, एवढ्यासाठी कुणालाही तुरुंगात टाकता येणार नाही. आपल्या देशाचीही त्यावर सही होती. काकू नऊ वर्षांच्या असताना त्यांचे वडील अशाच कर्जापायी बेचाळीस दिवस आत होते. बाहेर आले तेव्हा कर्ज होतं तसंच होतं, नोकरी तेवढी गेली होती. काकूंनी ते कलम तोंडपाठ करून टाकलं.

आणि मग शेजारचा सुतार दाराशी आला. करवतीचं यंत्र हप्त्यांवर घेतलेलं, त्याच यंत्रात उजव्या हाताची दोन बोटं गेलेली, हप्ते थकलेले. त्याला तीन महिने कैदेत टाका, असा अर्ज कंपनीने लावला होता. त्याच्या वकिलाने टाइप करायला लिहून दिलेल्या उत्तरात नुसती गयावया. काकूंचं डोकंच फिरलं.

"भीक कसली मागायची?" म्हणत त्यांनी उत्तराच्या शेवटी ते कलम घातलं आणि सुताराला वाचून दाखवलं.

"असू द्या ते तसंच, काकू," तो म्हणाला. "याहून वाईट काय व्हायचंय?"

वकिलाने नेहमीप्रमाणे न वाचता सही केली.

न्यायाधीशांनी मात्र वाचलं. "हा आंतरराष्ट्रीय करार मध्येच कुठून आला?"

वकिलाच्या तोंडचं पाणी पळालं. "टायपिंगची चूक, साहेब. काढून टाकतो."

मागच्या बाकावर काकू बसल्या होत्या. सुतार आत जाणार, आणि वर चूक म्हणे आपली! त्या ताडकन उठल्या.

"चूक नाही साहेब. मी मुद्दाम घातलंय. यांना विचारून घातलंय."

वकील डोळ्यांनी खुणावत होता, पण काकू कुठल्या ऐकतात!

"यांनी हप्त्यांच्या कागदावर सही केली, म्हणून यांना धरताय ना? मग त्या करारावर आपल्या देशानंही सही केलीय. सुताराची सही तेवढी खरी, आणि देशाची खोटी?"

कंपनीचा वकील उगाच कागद चाळू लागला. न्यायाधीशांनी चष्मा पुसला, तो परिच्छेद पुन्हा वाचला आणि लेखनिकाला निकाल सांगायला घेतला. पैसे असून न देणारा वेगळा आणि देऊच न शकणारा वेगळा. या माणसाची ऐपत तपासल्याशिवाय अटक करता येणार नाही. कंपनीचा अर्ज नामंजूर. उत्तरातलं ते कलम निकालात जसंच्या तसं घ्यावं.

काकूंचा ऊर भरून आला. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांचे शब्द टाइप केले होते. आज त्यांनी घातलेली ओळ निकालात गेली.

सुताराच्या बायकोने तुरुंगात द्यायला दोन सदरे आणि एक टॉवेल पिशवीत भरून आणला होता. तिला काही उमगेना. "आता याचं काय करू?"

"घरी न्या आणि कपाटात ठेवा," काकू म्हणाल्या.

सुताराने तीन बोटांत पिशवी धरली. त्याला न्यायला आलेला पोलीस दारातून बाजूला झाला, आणि नवरा-बायको त्याच्या समोरून घरी गेली.