बाकीचे चार

"अहो, बाकीचे चार जण मागून येतायत का?"

सिग्नलला शेजारच्या मोटारीत एकटाच माणूस दिसला, की भाईसाहेब काच खाली करून अगदी गंभीर चेहऱ्याने हा प्रश्न विचारायचे. समोरचा गोंधळून मागे वळून बघायचा. तोवर हिरवा दिवा लागलेला असायचा. असं माणूस प्रत्येक पेठेत एखादं तरी असतं, तुम्हीही पाहिलं असेल. आमचे भाईसाहेब मात्र नुसतं विचारून थांबणारे नव्हते.

शनिवार पेठेतून खराडीच्या ऑफिसला ते स्वतःच्या जुन्या गाडीने जायचे आणि जाताना आम्हा तिघांना घ्यायचे. एक मी, दुसऱ्या पलीकडच्या गल्लीतल्या बँकेतल्या बाई आणि तिसरा नागपूरहून आलेला एक सॉफ्टवेअरवाला. पेट्रोल आळीपाळीने भरायचं. "दोन मोटारी आणि एक स्कूटर घरी झोपल्यात," ते म्हणायचे. "तेवढाच नगर रस्ता मोकळा. तुम्हाला कळणार नाही, पण त्याला कळतं."

चार पिढ्या त्यांचं घर पुण्यातलं. त्यांचं मराठी माझ्यापेक्षा शुद्ध. रमझानात आम्ही पाण्याच्या बाटल्या पदराआड लपवायला लागलो, तर आरशात बघून म्हणाले, "प्या हो. रोजा माझा आहे, गाडीचा नाही."

निघायची वेळ आठ पाच. नागपूरकर आठ सातला धापा टाकत आला की, "झोप झाली का? की आम्ही एक चक्कर मारून येऊ?"

मग एका गुरुवारी माझी नोकरी गेली. प्रोजेक्ट बंद झाला, हातात पत्र आलं. घरी सासऱ्यांचं आजारपण चालू होतं, नवरा रात्रीची जागरणं करून दिवसा कामावर जात होता. त्याला सांगायला तोंड उघडेना. शुक्रवारी डबा भरून मी आठ पाचला कोपऱ्यावर जाऊन उभी राहिले. खराडीला उतरले आणि जवळच्या बागेत लॅपटॉप उघडून बसून राहिले. असं सहा दिवस चाललं.

सातव्या दिवशी बाकीचे दोघे उतरल्यावर भाईसाहेबांनी गाडी पुढे नेलीच नाही.

"आमच्या इमारतीखाली कॅन्टीन आहे," समोर बघतच ते म्हणाले. "पंखा आहे, लॅपटॉपला प्लग आहे. बागेत उन्हात स्क्रीन दिसत नसेल."

मला रडू फुटलं. पदर तोंडाला लावून मी म्हणाले, "उद्यापासून मी येत नाही. माझी जागा कुणा नोकरी असलेल्याला द्या."

"जागा नोकरीला दिली नव्हती, ताई. तुम्हाला दिली होती." मग म्हणाले, "पण घरी सांगा. तुमचे मिस्टर रोज संध्याकाळी कोपऱ्यावर भेटतात, विचारतात, सगळं ठीक ना. मी आपला ट्रॅफिकवर बोलत राहतो. ट्रॅफिक तरी किती दिवस पुरणार?"

त्या संध्याकाळी मी सांगितलं. नवरा एवढंच म्हणाला, "सहा दिवस एकटीच होतीस?" आणि सकाळी माझा डबा त्यानेच भरला.

पुढचा दीड महिना ती गाडी म्हणजे माझा मुलाखतीचा वर्ग झाली. संगमपुलापासून येरवड्यापर्यंत नागपूरकर तांत्रिक प्रश्न विचारायचा. "ताई, कॉन्फिडन्टली बोला ना, यार!" नगर रस्ता लागला की भाईसाहेब साहेब व्हायचे.

"आम्ही तुम्हाला का घ्यावं?"

"मी वेळेवर येते."

"याला मी साक्षीदार आहे. पुढे?"

नोकरी लागली, तीही खराडीतच. बँकेतल्या बाईंनी पेढे वाटले. भाईसाहेबांनी एक पेढा तोंडात टाकला आणि म्हणाले, "चला, आठ पाच झाले."

ते निवृत्त झाले आणि पुढच्याच वर्षी हृदयविकाराने गेले. गाडी आता नागपूरकर चालवतो. रमझान ईदला त्यांच्या घरून शीरखुर्म्याचा डबा अजून येतो. पण भाईसाहेबांची आठवण निघाली, की आम्हा तिघांनाही त्यांचा कामाचा शेवटचा दिवसच आठवतो.

त्या दिवशी आम्ही हट्टाने त्यांना मागे बसवलं होतं. अकरा वर्षांत पहिल्यांदाच. सुरुवातीला ते नागपूरकराला क्लच, ब्रेक शिकवत राहिले. बंडगार्डनच्या पुलावर आलो आणि ते एकदम खिडकीबाहेर बघायला लागले.

"इथे एवढे बगळे असतात?"

"रोज असतात," मी म्हणाले.

"मला कुणी सांगितलं नाही."

त्यांनी काच पूर्ण खाली केली आणि कोपर बाहेर काढून बसले. नदीचा वास, धूळ, हॉर्न, सगळं आत यायला लागलं. नागपूरकराने हळूच एसी बंद केला आणि पूल संपेपर्यंत गाडी अगदी सावकाश चालवली.